गोव्यातल्या गावात राहायचं तर वर्षाचा हिशेब मांडा

पणजी, पर्वरी, म्हापसा इथलं भाडं झेपेनासं झालं की माणसं डिचोली, साखळी, वाळपईकडे वळतात. पेडण्यात आता तो दिलासा फारसा उरलेला नाही. जानेवारी 2023 मध्ये तिथे मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आसपासच्या गावांतले भाड्याचे आकडे बदलले. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोणच्या आतल्या वाड्यांवर मात्र अजून कमी भाड्यात अख्खं घर मिळतं. ‘गावात काय, खर्चच नाही’ हे वाक्य त्यावरूनच आलं. ते निम्मं खरं आहे. स्वतःचं छप्पर, विहीर, चार माड आणि कागदपत्रं असलेल्याला गाव स्वस्त पडतो. भाड्याने राहून सगळं विकत घेणाऱ्याला आणि रोज शहरात कामाला जाणाऱ्याला तो शहराइतकाच महाग पडू शकतो. कधी जास्तही.

पहिला हिशेब अंतराचा. वाळपईहून पणजी एका बाजूने साधारण 45 किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन 90. महिन्याला 24 दिवस धरले तर 2160 किलोमीटर होतात. स्कूटर लिटरला 45 देत असेल तर 48 लिटर पेट्रोल लागतं आणि लिटरला शंभराच्या आसपास धरलं तर तेच 4800 रुपये. एवढ्या धावेला इंजिन ऑईल दीड महिन्याला बदलावं लागतं, मागचा टायर वर्षही काढत नाही आणि पावसाळ्यात ब्रेक-शू लवकर झिजतात, कारण पाण्याबरोबर लाल माती आत जाते. हे सगळं किलोमीटरमागे रुपयाभर धरा. महिन्याचे सात हजार झाले. पणजीच्या आणि वाळपईच्या भाड्यातला फरक याहून कमी असेल तर हिशेब तिथेच तुटतो. त्यात रोजचे तीन तास रस्त्यावर जातात आणि जून ते सप्टेंबर भिजून.

बसने जाणाऱ्याला खर्च कमी येतो, पण वेळापत्रकापुढे त्याचं काही चालत नाही. कदंबचा मासिक पास काढला की मुख्य मार्गावरचा प्रवास आटोक्यात येतो. अडचण असते ती वाळपईपासून आतल्या वाडीपर्यंतच्या शेवटच्या सहा-आठ किलोमीटरची. शेवटची बस चुकली की रिक्षा किंवा पायलट (भाड्याची मोटारसायकल), आणि हे महिन्यातून चार वेळा झालं तरी पासाने वाचवलेले पैसे जातात. म्हणून घर बघायच्या आधी दोन गोष्टी विचारा. संध्याकाळची शेवटची बस किती वाजता आणि ती रविवारी असते का? आणि तुम्ही किंवा घरातलं कुणी कारखान्यात असेल तर कंपनीची बस कुठपर्यंत येते? वेर्णा, कुंडई, मडकई, पिसुर्ले, होंडा, तुये या वसाहतींतल्या पुष्कळ कारखान्यांच्या बसगाड्या ठरावीक नाक्यांवर थांबतात. तो नाका घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल तर माझ्या मते भाडं हजार-दीड हजाराने जास्त असलं तरी ते घर स्वस्त.

आता छप्पर. गावात भाड्याने मिळणारी जुनी घरं बहुधा चिऱ्याच्या भिंतींची आणि मंगळुरी नळ्यांची (कौलांची) असतात. उन्हाळ्यात ती थंड राहतात यात शंका नाही, पण त्या थंडाव्याची किंमत दर वर्षी मे महिन्यात मोजावी लागते. शंभर चौरस फूट छपराला दीडशेच्या आसपास नळे लागतात, म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर दीड हजार. पावसाआधी ते परतावे लागतात. एका टोकापासून पट्टा-पट्टा उतरवायचा, प्रत्येक नळ्याच्या खाचेतली शेवाळ आणि माती ब्रशने काढायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायचं. चांगला नळा खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी तो नळा बाजूला ठेवायचा. पुढचा पाऊस तोच गळवतो.

नळे उतरले की खाली रिपा (नळे बसतात त्या लाकडी पट्ट्या) उघड्या पडतात आणि खरं काम तिथे असतं. वाळवीने पोखरलेली रीप वरून साबूत दिसते, स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आत जातो. नवी रीप ठोकताना जुन्या रिपांमधलंच अंतर ठेवायचं, अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडला तरी नळ्याचा मागचा दात नीट बसत नाही, पुढचा नळा उचलून राहतो आणि वाऱ्याच्या पावसात पाणी उलटं चढून आत येतं. दुसरी चूक बदली नळ्यांची. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असायचा. बाजारातला नवा नळा जुन्याच्या खाचेत बसेलच असं नाही. म्हणून जुन्या घरांच्या मागे पन्नास-शंभर नळे रचून ठेवलेले दिसतात, ते अडगळ म्हणून टाकून देऊ नका. माथ्यावरच्या नळ्यांचा गिलावा उन्हाने तडकतो, तो दर दोन वर्षांनी बघावा लागतो. दोन छपरं जिथे मिळतात त्या कोनात पानं साचतात, ती मे महिन्यात एकदा आणि जुलैत पावसाने उघडीप दिली की पुन्हा काढायची.

या कामाला छपरावर चढणारा जाणता माणूस लागतो आणि असे गडी आता कमी उरले आहेत. एप्रिलमध्ये सांगून ठेवलं नाही तर मेच्या शेवटी कुणीही मिळत नाही. शिवाय माकडं. फणस-आंब्याच्या दिवसांत त्यांचा कळप छपरावरून गेला की दहा-बारा नळे सरकतात. यामुळेच पुष्कळांनी नळ्यांवर पत्रा घातला. पत्र्याला दर वर्षीची मजुरी नाही, पण एकदम मोठी रक्कम घालावी लागते, घर तापतं आणि पावसाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. भाड्याचा करार करताना नळे परतायचा खर्च भाटकाराचा (जमीन-घराच्या मालकाचा) की भाडेकरूचा हे लिहून घ्या. अकरा महिन्यांच्या करारात हा मुद्दा बहुतेक वेळा राहून जातो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भांडण होतं. करार झाला की भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यायला विसरू नका.

पाण्याचं गणित सरळ आहे. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर चौघांना 540 लिटर लागतात, म्हणजे हजार लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. गावात नळ आला आहे. ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेलं गोवा हे देशातलं पहिलं राज्य, 2022 साली. पण नळ असणं वेगळं आणि एप्रिलमध्ये त्याला दाब असणं वेगळं. उंचावरच्या वाड्यांवर पाणी दीड-दोन तासच येतं. नळ मिनिटाला दहा लिटर देत असेल तर दोन तासांत 1200 लिटर मिळतात आणि भागतं. चारच लिटर देत असेल तर पाचशेही नाहीत. घर बघायला जाल तेव्हा बादली लावून घड्याळात मोजा.

विहीर असेल तर प्रश्न बराच सुटतो. अर्थात, खाणपट्ट्यातल्या गावांत विहिरींचं पाणी खोल गेलेलं आहे. तिथे विहीर बघायची ती मे महिन्यातच. नवी विहीर खणायला किंवा बोअर मारायला जलस्रोत खात्याची परवानगी लागते, भूजल नियमन कायदा 2002 पासून आहे. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीत वरचं पाणी उतरतं तेव्हा ब्लीचिंग पावडर टाकावी. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे 21 हजार लिटर होतं आणि त्याला 50-55 ग्रॅम पावडर पुरते. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर पाणी शेंदायचं नाही. मूठभर जास्त टाकली तर पाण्याला वास येतो आणि माणसं पुढच्या वेळी टाकायचंच सोडून देतात. जुन्या, उघड्या राहिलेल्या पुडीतला जोर मात्र गेलेला असतो, ती कितीही टाकली तरी उपयोग नाही.

विजेचं बिल गोव्यात टप्प्यांनी चढतं, पहिला टप्पा महिन्याला शंभर युनिटांचा. एक अश्वशक्तीचा पंप रोज तासभर चालला तर महिन्याला तीस युनिटं जातात. दोन किलोवॅटचा गीझर रोज तासभर म्हणजे साठ. म्हणून न्हाणीत चुलीवर भाण (पाण्याचं मोठं भांडं) ठेवून पाणी तापवायची पद्धत अजून टिकून आहे आणि ती हिशेबाने बरोबर आहे. जळण बहुतेक घरचंच असतं: चुडतं (माडाच्या झावळ्या), नारळाची सोडणं, करवंट्या, काजूच्या छाटलेल्या फांद्या. पण ते 20 मेच्या आत छपराखाली आलं पाहिजे. भिजलेलं लाकूड धूर देतं, पाणी तापवत नाही, मग गॅस वापरला जातो. चौघांच्या घरात 14.2 किलोचा सिलिंडर नुसत्या स्वयंपाकाला चाळीस-पंचेचाळीस दिवस जातो, न्हाणीचं पाणीही त्यावर तापवलं तर महिनाही नाही.

खाण्याचं बघू. चार माणसांच्या घरात दोन्ही वेळा भात असतो. माणशी तीनशे ग्रॅम तांदूळ धरला तर दिवसाला सव्वा किलोच्या आत आणि वर्षाला सुमारे 440 किलो. शेतातल्या भाताचा तांदूळ 65 टक्क्यांच्या आसपास उतरतो, म्हणजे 675 किलो भात हवं. हेक्टरी चार टन पीक आलं तर त्यासाठी 1700 चौरस मीटर शेत पुरतं. एवढी जमीन पुष्कळ घरांकडे आहे, पडीक. कारण नांगरट, लावणी, कापणी सगळं मजुरीने केलं तर घरचा उकडा तांदूळ दुकानातल्या तांदळाहून महाग पडतो. तो परवडतो कधी? लावणीला घरची माणसं उतरतात, पॉवर टिलर आणि कापणीचं यंत्र शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी बोलावलेलं असतं आणि यंत्र बांधावरून आत येऊ शकतं तेव्हा. एका कोपऱ्यातल्या एकट्या शेतासाठी यंत्रवाला येत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तर भात आडवं पडतं आणि सत्तरीत त्याआधी रानडुकरं आणि गवे येऊन गेलेले असतात. कृषी खात्याच्या कुंपणाच्या, यंत्राच्या, बियाण्याच्या सवलती घ्यायच्या तर विभागीय कृषी कार्यालयातून कृषी कार्ड काढावं लागतं आणि त्याला एक-चौदाचा (जमिनीच्या मालकी-कुळांच्या नोंदीचा) उतारा लागतो. कागद हा शब्द इथून पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

नारळाचं उत्तर सोपं. रोज एक म्हटला तर वर्षाला 365. गावठी माड निगा राखली तर साठ-सत्तर नारळ देतो, म्हणजे पाच-सहा माड घराला पुरतात. दोन-तीन महिन्यांनी पाडेली (नारळ पाडणारा) चढवायचा. पाडेली माडामागे पैसे घेतो, नारळामागे नाही, त्यामुळे दहा नारळ देणारा म्हातारा माड तोट्यात जातो. त्याला शेणखत, मीठ-राख घालून बघायचं, नाही तर तो काढून नवा लावायचा. नारळाचे भाव अलीकडे ज्या रीतीने चढले आहेत ते बघता परसातले पाच माड ही घरातली सगळ्यात भरवशाची बचत आहे.

भाजी बाहेरून येते, बहुतेक बेळगावहून. चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट दरड पडून बंद झाला की दुसऱ्याच दिवशी भाव दिसतो. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती बाजारापेक्षा स्वस्त मिळते, पण गाडा नाक्यावर असतो, वाडीवर नाही. परसात पावसाळी मांडवावर दोडकी, काकडी, चिबूड, बांधाला भेंडी आणि पाणी ओसरल्यावर तांबडी भाजी, मुळा, अळसांदे, मिरची एवढं लावलं तरी वर्षातले सहा-सात महिने भाजीचा खर्च निम्म्यावर येतो. तांबडी भाजी पंचवीस-तीस दिवसांत हाताशी येते. एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरा. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, अळू फुकट आहेतच, ओळखणारं माणूस मात्र घरात हवं.

मासळी हा आतल्या गावांचा महागडा भाग. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या गावात तेव्हा जी मासळी येते तिचा दर ऐकून परत पाठवावीशी वाटते. म्हणून पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. खारे बांगडे शंभरभर, सुकी सुंगटं (कोळंबी) आणि गालमो (बारीक सुकट) मिळून दोन-तीन किलो, आमसुलं दोन किलो, सुक्या मिरच्या चार किलो, चिंच चार-पाच किलो, कांद्याच्या चार-पाच माळा चुलीवरच्या दांडीला, तोरं (कच्च्या कैऱ्या) मिठाच्या पाण्यात. हे सगळं मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घ्यायचं. तिसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस येतो आणि ओलसर सुकी मासळी गळ्यात पडते. विकत आणलेली मासळी आणखी दोन दिवस कडक उन्हात घालून, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलं की आत घाम धरतो आणि जुलैत बुरशी दिसते.

पैशाचा ओघही ऋतूंनीच चालतो. काजूच्या बिया, बोंडू, आंबा, कोकम यांचा पैसा फेब्रुवारी ते मे येतो. शाकारणी, जळण, पुरुमेत, शाळेची पुस्तकं आणि रेनकोट हे सगळं मे-जूनमध्ये जातं. जून-जुलैत हातात काही नसतं आणि मग चतुर्थी येते. गावात वर्षातला सगळ्यात मोठा खर्च चतुर्थीचा, आणि रानात जाऊन माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या मांडवीचं) सामान आणणारं घर व ते बाजारातून विकत घेणारं घर यांच्या खर्चात मोठी तफावत असते. शिवाय देवळाचा काला, जत्रा, जत्रेतलं नाटक, शिगमो यांची वर्गणी. नव्याने आलेल्या भाडेकरूला ती अवांतर वाटते. ती धरूनच चाला, गावातली ओळख तिथेच होते आणि पाडेली, नळेवाला, यंत्रवाला याच ओळखीतून मिळतात. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याने दर महिन्याला एक ठरावीक रक्कम मे आणि चतुर्थीसाठी वेगळी टाकली नाही तर त्या दोन महिन्यांत उसनवारी अटळ आहे.

उपचाराचा खर्च गोमेकॉमुळे (बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज) आटोक्यात राहतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे, त्यासाठी गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. गृहआधारचे महिन्याला 1500 आणि ज्येष्ठांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे 2000 हे गावातल्या घराला मोठा आधार आहेत, पण तिथे पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. नव्याने राज्यात आलेल्या कुटुंबाने हे उत्पन्नात धरू नये. दवाखान्यात खर्च होतो तो सोबतच्या माणसाचा: बांबोळीला जाणं-येणं, खाणं आणि बुडालेला रोज.

विकत घर किंवा भूखंड घ्यायचा विचार असेल तर दराआधी उतारा बघा. एक-चौदावर दहा-बारा नावं असतील तर त्यातली निम्मी वारलेली असतात आणि इन्व्हेंटरी (वारसांतली कायदेशीर वाटणी) झालेली नसते. गोव्याच्या दिवाणी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून विकणाऱ्या प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही लागते. एक सही राहिली तरी व्यवहार अडकतो. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर थांबा. कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, 1991 चा कायदा आहे, आणि 2023 पासून भातशेती शेतकरी नसलेल्याला विकताही येत नाही. नगर नियोजन खात्याचा झोनिंग दाखला आणि सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद) नसलेला ‘स्वस्त’ भूखंड म्हणजे अडकलेला पैसा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. 1975 च्या मुंडकार कायद्याने पंचायत क्षेत्रातल्या मुंडकाराला (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला) घरासकट तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्क दिला. तरीही कितीतरी घरांनी मामलेदाराकडे नोंदच केली नाही. भाटकाराशी संबंध चांगले होते म्हणून गरज वाटली नाही. आता भाटकाराची पुढची पिढी बाहेर असते, जमीन विकली जाते आणि तेव्हा कागद शोधायची धावपळ होते. सत्तरीत तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कसणाऱ्याचं नाव नाही, शेळ-मेळावलीतला आयआयटी प्रकल्पाविरुद्धचा जानेवारी 2021 चा संघर्ष त्यातूनच पेटला. ज्यांचं घर मुंडकारीत आहे त्यांनी घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची पहिली बिलं, मतदार यादीतली नावं, रेशनकार्ड एका पिशवीत जमवून यंदाच अर्ज घालावा. या अर्जाचा खर्च पुढे कमी होणार नाही.

आणि भाड्याचं घर बघायचं असेल तर ते जुलैत, पाऊस कोसळत असताना बघा. आत जाऊन दहा मिनिटं दिवा न लावता उभे राहा, छपरातून उजेड कुठे येतो ते दिसेल. झड लागते त्या पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवा. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच ओल असेल तर ती जोत्यातून चढते आहे, वरून खाली उतरत आली असेल तर छपराची. छपराची ओल गडी लावून एका मेमध्ये सुटते. जोत्याची सुटत नाही, तिथे भाडं कितीही कमी सांगितलं तरी पुढचं घर बघा.